रिमोट सासूबाईंच्या हातात राहू द्या

प्रश्न : दिवाळीत आमच्या ह्यांनी हौसेने हॉलमध्ये होम थिएटर बसवलं. ५५ इंची गूगल टीव्ही, रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर. सोबत एक टॅब घेतला. आता रिसीव्हर चालू करणं, इनपुट बदलणं, आवाज कमीजास्त करणं, सिनेमा शोधणं सगळं त्या टॅबवरून चालतं. रिमोट ड्रॉवरमध्ये गेलेत. फक्त सेट टॉप बॉक्सचा बाहेर असतो, कारण चॅनेल टॅबवरून बदलत नाही. हे टॅब घेऊन ऑफिसला गेले किंवा त्याचं चार्जिंग संपलं, की सासूबाईंना संध्याकाळची मालिका लावता येत नाही. त्या मला ऑफिसात फोन करतात. सासऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते आवाज मोठा करतात आणि नऊ वर्षांच्या मुलाचा अभ्यास होत नाही. शनिवारी सगळे मिळून सिनेमा बघतो, तेव्हा ह्यांचं निम्मं लक्ष टॅबमध्ये, आणि मुलाला त्यावर गेम हवा असतो. टॅबवरून टीव्हीवर टाकलेलं कधी अडकतं, कधी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. मला वाटतं टॅब काढूनच टाकावा. ह्यांचं म्हणणं, घरात कुणाला नवीन शिकायचंच नाही. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक सासूबाईंच्या मालिकेचा, दुसरा शनिवारच्या सिनेमाचा. दोन्हीकडे टॅब दिसतो म्हणून तो काढला की सगळं सुटेल असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होणार नाही. टॅब ठेवा. त्याला कामं नेमून द्या आणि एक काम मात्र त्याच्याकडून कायमचं काढून घ्या : टीव्ही लावण्याचं. घरातला टीव्ही घरातल्या प्रत्येकाला, कुणालाही हाक न मारता, लावता आला पाहिजे. होम थिएटर कितीही भारी असलं तरी माझ्या मते ही अट पहिली. आणि सासूबाईंना शिकायचं नाही, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. ज्या वस्तूचा पासवर्ड दुसऱ्याला माहीत, जी सकाळी दुसऱ्याच्या बॅगेतून बाहेर जाते, ती वापरायला त्या शिकणार तरी कशा?

मालिकेचा प्रश्न मूळचा जोडणीचा आहे. तुमच्या वर्णनावरून सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात, गेलेली दिसते. दुकानातून बसवायला येणारी माणसं बहुतेक वेळा अशीच जोडतात आणि सिनेमाच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. पण मग साधी बातमी बघायची तरी आधी रिसीव्हर चालू हवा, त्यावर बरोबर इनपुट (कुठल्या यंत्राचं चित्र घ्यायचं ती निवड) हवं आणि टीव्हीवरही बरोबर इनपुट हवं. तीन यंत्रं एका रांगेत उभी राहिल्याशिवाय चित्र येत नाही. रिसीव्हर आणि टीव्ही वायफायवर आहेत म्हणून ॲप त्यांच्याशी बोलू शकतं. सेट टॉप बॉक्स बहुधा फक्त इन्फ्रारेड रिमोटचंच ऐकतो, आणि बहुतेक टॅबमध्ये इन्फ्रारेडचा दिवाच नसतो. (काही फोनमध्ये असतो, शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये आहे.) म्हणून तुमच्याकडे चॅनेल टॅबवरून बदलत नाही. प्ले स्टोअरवर ‘युनिव्हर्सल रिमोट’ नावाची ढीगभर ॲप मिळतात. इन्फ्रारेड नसलेल्या टॅबवर ती तुमच्या बॉक्ससाठी निरुपयोगी आहेत, वर जाहिराती आणि नको त्या परवानग्या मागतात. ती टाकू नका. टाकली असतील तर काढा.

आता उपाय. सेट टॉप बॉक्सची केबल रिसीव्हरमधून काढून सरळ टीव्हीत लावा. टीव्हीच्या मागे एचडीएमआयचे तीन-चार पोर्ट असतात. त्यातल्या एकावर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं. तो सोडून दुसरा कुठलाही घ्या. एआरसीच्या पोर्टमधून रिसीव्हरच्या ‘आउट’ला गेलेली केबल आहे तशीच राहू द्या. एआरसी ही सोय २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ पासून आहे. रिसीव्हरकडून टीव्हीला चित्र नेणाऱ्या त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे येतो. म्हणजे बॉक्स टीव्हीला जोडला तरी क्रिकेटच्या मॅचला पाचही स्पीकर वाजवता येतील, आणि रिसीव्हर बंद असेल तर टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमधून मालिका ऐकू येईल. मालिकेतली माणसं बोलत असतात, त्यांना सबवूफर लागत नाही.

यानंतर दोन छोट्या गोष्टी. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये ‘चालू होताना काय दाखवायचं’ असा पर्याय असतो. तिथे शेवटचं वापरलेलं इनपुट निवडा, नाहीतर गूगलचं होम पान उघडतं आणि त्या सगळ्या चित्रांतून वाट काढणं सासूबाईंच्या नशिबी येतं. तो पर्याय नसेल तर टीव्हीच्या रिमोटवरचं इनपुटचं बटण कुठलं, एवढं दाखवून ठेवायला लागेल. दुसरं, सेट टॉप बॉक्सच्या बऱ्याच रिमोटना टीव्हीची दोन-चार बटणं शिकवता येतात. दोन्ही रिमोट समोरासमोर धरून करायचं काम आहे, पुस्तिकेत कृती असते. टीव्ही चालू-बंद आणि आवाज एवढं शिकवलं की सासूबाईंना एकच रिमोट पुरतो. त्यांच्या आवडीच्या पाच-सहा चॅनेलचे नंबर जाड अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून रिमोटच्या जागेजवळ चिकटवा. हे काम मुलाकडे द्या. नऊ वर्षांची मुलं असली कामं फार मन लावून करतात.

तुमच्या टीव्हीत आणि रिसीव्हरमध्ये सीईसी नावाची सोयही असेल. एचडीएमआयच्या केबलमधून यंत्रं एकमेकांना ‘चालू हो’, ‘बंद हो’, ‘आवाज वाढव’ असे निरोप देतात, ती ही सोय. कंपन्यांनी तिला आपापली नावं ठेवलीत, म्हणून सेटिंगमध्ये ती सापडत नाही : सॅमसंगकडे ॲनिनेट प्लस, एलजीकडे सिंपलिंक, सोनीकडे ब्रॅव्हिया सिंक, फिलिप्सकडे ईझीलिंक. ती दोन्हीकडे चालू ठेवा. मग रिसीव्हर चालू असताना टीव्हीच्या रिमोटनेच त्याचा आवाज कमीजास्त होतो. कधी टीव्हीबरोबर रिसीव्हर आपोआप जागा झाला तर घाबरायचं कारण नाही. आवाज या स्पीकरमधून येवो की त्या, मालिका दिसते आणि ऐकू येते. सासूबाईंना तेवढंच हवं आहे.

टॅबवर सगळं सोपवण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे, ते तुमच्या यजमानांनी जरूर विचारात घ्यावं. ॲप कंपनीच्या मर्जीवर चालतं. घरातली सगळी यंत्रं एकट्याने चालवणारे लॉजिटेकचे हार्मनी रिमोट होम थिएटरवाल्यांत वर्षानुवर्षं नावाजलेले होते. २०२१ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये एअरप्ले (ॲपलच्या फोनवरून टीव्हीवर सिनेमा लावण्याची सोय) बंद केलं, आणि २०२५ च्या अखेरीस रिमोट असलेल्या बहुतेक टीव्हींवर फोनवरून कास्ट करण्याची, म्हणजे फोनवर निवडलेलं टीव्हीवर लावण्याची, सोयही काढून घेतली. काल चालणारी गोष्ट आज चालत नाही आणि घरात कुणाला कळत नाही का. साध्या रिमोटला सेल घातले की तो चालतो. म्हणून ड्रॉवरमधले सगळे रिमोट बाहेर काढा, सेल बदला आणि टीव्हीखाली एका ट्रेमध्ये ठेवा. टॅब हवाच असेल तर त्यांच्या जोडीला असू दे.

आता अडकण्याचं आणि ओठ न जुळण्याचं. टॅबवरचं टीव्हीवर नेण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत, आणि बहुतेक घरांत ते एकच समजले जातात. पहिला कास्ट. यात सिनेमा टॅबमधून जातच नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो आपला आपण जातो, तसं टॅब टीव्हीला फक्त पत्ता देतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून सिनेमा आणतो. त्यानंतर टॅबची स्क्रीन बंद केली तरी चालतं. दुसरा मार्ग स्क्रीन मिररिंगचा. सॅमसंगवर त्याला स्मार्ट व्ह्यू म्हणतात. यात टॅबच्या पडद्यावर जे दिसतं त्याची प्रत्येक फ्रेम टॅब दाबून लहान करतो आणि वायफायवरून टीव्हीकडे पाठवत राहतो. टॅब तापतो, बॅटरी भराभर उतरते, चित्र मागे पडतं, आवाज बहुतेक वेळा नुसता दोन स्पीकरचा येतो. शिवाय बरीच ॲप कॉपीच्या भीतीने काळा पडदा दाखवतात. तुमच्या तक्रारी वाचून मला वाटतं तुमच्याकडे मिररिंग चाललंय. घरचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, शाळेची एखादी फाइल दाखवायला मिररिंग ठीक आहे. सिनेमासाठी कधीच नको.

सिनेमासाठी सगळ्यात चांगला मार्ग तिसराच आहे. ते ॲप टीव्हीवरच उघडायचं. तुमचा गूगल टीव्ही आहे, बहुतेक सगळी ॲप त्यावर मिळतात, आणि पाच स्पीकरचा खरा आवाज तिथूनच एआरसीने रिसीव्हरकडे जातो. मग टॅबचा उपयोग काय? टाइप करायला! रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडून मराठी नाव शोधणं हा छळ आहे. टॅबवर गूगल टीव्हीचं ॲप असेल तर टीव्हीच्या शोधाच्या चौकटीत टॅबच्या कीबोर्डवरून लिहिता येतं, आणि मराठीत बोलूनही. यूट्यूबला तर टीव्हीवर दिसणारा कोड एकदा टाकला की टॅब आणि टीव्ही जोडलेले राहतात, दोन्ही एका वायफायवर नसले तरी. तुमच्या सासऱ्यांना जुनं नाट्यसंगीत, कीर्तन, असलं काही ऐकायची आवड असेल तर टॅब त्यांच्या हातात द्या. आरामखुर्चीत बसून गायकाचं नाव उच्चारायचं, हवं ते निवडायचं, ते टीव्हीवर लागतं. एकामागून एक गाणी रांगेतही लावता येतात. घरातल्या वयस्कर माणसाला टॅबची गोडी लावायची ती अशी लागते. रिसीव्हरचं इनपुट बदलायला लावून कुणालाच लागत नाही.

ॲपला टीव्ही ‘सापडत नाही’ असं होत असेल तर दोष बहुधा वायफायचा असतो. टॅब आणि टीव्ही एकाच राउटरवर हवेत. एका राउटरची साधी आणि ५जी (म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलचं ५जी नव्हे) अशी दोन नावं असतील तर सहसा अडत नाही, पण टॅब आणि टीव्हीपैकी एक गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, असेल तर ते एकमेकांना दिसणारच नाहीत. आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून तुम्ही दुसरा राउटर लावला असेल तर त्याकडे बघा. तो स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवून बसला की आतल्या खोलीतल्या टॅबला हॉलमधला टीव्ही सापडत नाही. त्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ हा प्रकार निवडला की काम होतं. रिसीव्हरच्या ॲपने बंद रिसीव्हर चालू होत नसेल तर त्याच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये स्टँडबायला जागं राहण्याचा पर्याय बघा. यामाहात त्याला नेटवर्क स्टँडबाय म्हणतात. आणि जमत असेल तर टीव्हीला राउटरपासून लॅनची केबल टाका. फोरके सिनेमाला सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट पुरतात. नुसता वेग वाढवून घेण्यापेक्षा तो न तुटता मिळणं महत्त्वाचं, आणि ते केबलने मिळतं.

ओठ आणि आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यावर उपाय आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एका शिफारशीत माणसाला ही चूक कधी जाणवू लागते त्याचे आकडे दिलेत. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकतो, पण उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. लांबवर कुणी कपडे आपटत असेल तर हात आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. आपला मेंदू त्याला सरावलेला असतो, उलट क्रमाला नाही. म्हणून आधी नीट बघा, तुमच्याकडे आवाज पुढे आहे की मागे. पुढे असेल, म्हणजे टीव्हीला चित्र चकचकीत करण्यात वेळ लागत असेल, तर रिसीव्हरच्या सेटिंगमधला ऑडिओ डिले किंवा लिप सिंक थोडाथोडा वाढवा. मागे असेल तर तो शून्यावर आणा. त्याने आवाज फक्त थांबवता येतो, पुढे आणता येत नाही. आवाज मागे पडण्याचं एक नेहमीचं कारण ब्लूटूथ असतं. टॅब ब्लूटूथने रिसीव्हरला जोडलेला आणि चित्र टीव्हीवर, असं तुमच्याकडे होतंय का तेही तपासा. गाण्यांना ब्लूटूथ चालतं. चित्र बघायचं असेल तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता सासरे. ताई, आधी त्यांचे कान तपासून घ्या. कानात मळ साठलेला असतो, किंवा श्रवणयंत्राची गरज असते, आणि घरात मात्र वर्षानुवर्षं आवाजावरून भांडणं चालतात. तपासणी होईपर्यंतही बरंच करता येईल. वय झालं की बहुतेकांना आवाज सरसकट कमी होत नाही. वरच्या पट्टीतले व्यंजनांचे आवाज आधी जातात, म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी तक्रार असते. सगळाच आवाज वाढवला तर धमाके आणि पार्श्वसंगीत वाढतं, बोलणं तितकंच अस्पष्ट राहतं. पाच स्पीकरच्या सिनेमात संवाद मुख्यतः मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतात. रिसीव्हरमध्ये त्याच एका स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. तो टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असेल तर पुढच्या कडेला आणा, आणि तोंड सासऱ्यांच्या खुर्चीकडे थोडं वर करा. रात्रीसाठी रिसीव्हरमध्ये नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज नावाचं सेटिंग असतं. त्याने मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं. ते चालू करा. मुलाचा अभ्यास आणि आजोबांची बातमी दोन्ही त्याने साधतील.

इथेच टॅबचा एक फार चांगला उपयोग आहे. गूगलचं साउंड ॲम्प्लिफायर नावाचं ॲप आहे. टॅब स्पीकरजवळ ठेवायचा, त्याच्या माइकने आवाज पकडायचा आणि इअरफोनने आजोबांच्या कानात सोडायचा. बोलणं वर उचलणं, गोंगाट कमी करणं त्यात जमतं. इअरफोन वायरचा आणि वायर जरा लांब असावी. टॅबला इअरफोनची पिन नसेल तर टाइप-सीचा घ्यावा लागेल. आयपॅड आणि एअरपॉड घरात असतील तर त्यात लाइव्ह लिसन ही तशीच सोय २०१८ पासून आहे. कायमचा उपाय हवा तर टीव्हीला जोडायचा बेस असलेले रेडिओ लहरींचे वायरलेस हेडफोन मिळतात, त्यांचा आवाज ब्लूटूथसारखा मागे पडत नाही. पण विकत घेण्याआधी बघा की हेडफोन लावल्यावर टीव्हीचे स्पीकर बंद तर पडत नाहीत. बऱ्याच टीव्हींत पडतात. मग सासरे ऐकणार आणि सासूबाई नुसती चित्रं बघणार.

शनिवारच्या सिनेमाकडे वळतो. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. सिनेमा चालू असताना टॅब हातात नको, आणि याला नुसती शिस्त हे कारण नाही. ५५ इंची टीव्ही साधारण साडेसात फुटांवरून बघितला तर तो आपल्या नजरेचा सुमारे ३० अंशांचा भाग व्यापतो, आणि ही सिनेमासाठी पूर्वीपासून मानलेली चांगली मोजणी आहे. १० इंची टॅब आडवा धरून ४० सेंटिमीटरवर ठेवला तर तोही नेमके तेवढेच ३० अंश व्यापतो. तुमच्या यजमानांनी एवढा खर्च करून जो पडदा भिंतीवर लावला, तेवढाच मोठा दुसरा पडदा ते मांडीवर घेऊन बसलेत. अंधाऱ्या खोलीत तो उजळही जास्त वाटतो, आणि त्याचं प्रतिबिंब टीव्हीच्या काचेवर उमटतं ते शेजारी बसलेल्यांना. डोळे दर वेळी उजेडातून अंधारात येतात आणि सिनेमातले काळोखे प्रसंग तेवढा वेळ नुसते काळे दिसतात. मग माणूस म्हणतो, टीव्हीचं चित्र नीट नाही.

‘हा नट कोण?’ म्हणून टॅब उघडला जातो आणि मग अर्धा तास बंद होत नाही, हे तुमच्याही घरी होत असणार. प्राइम व्हिडिओवर यासाठी एक्स-रे आहे. सिनेमा थांबवला की त्या दृश्यातल्या कलाकारांची नावं बहुतेक सिनेमांत टीव्हीवरच दिसतात. बाकीच्या वेळी प्रश्न मध्यंतरापर्यंत राखून ठेवा. घरी मध्यंतर ठेवाच, चहाही होतो. सिनेमा सुरू होताना टॅब आतल्या खोलीत चार्जिंगला जावा, आणि तो यजमानांनी स्वतः नेऊन ठेवावा. त्यांनी ठेवला की मुलाला वेगळं सांगावं लागणार नाही. मुलाच्या बाबतीत इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची शिफारस अशी आहे की पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा. सिनेमा एकटाच तेवढा असतो. त्या दिवशी गेम नाही, हे सकाळीच ठरलेलं बरं. त्याच्यासाठी टॅबवर गूगलचं फॅमिली लिंक लावून ठेवा, म्हणजे रोजची वेळ ठरवता येते आणि रोजची घासाघीस वाचते.

क्रिकेटचं मात्र वेगळं. मॅच तासन् तास चालते, षटकांच्या मध्ये मोकळा वेळ असतो, आकडे बघायची हौस खरी असते. तिथे टॅब जवळ असायला माझी हरकत नाही. फक्त स्कोअरच्या सूचना बंद करा. इंटरनेटवरून दिसणारी मॅच डिशच्या किंवा केबलच्या मॅचपेक्षा मागे असते, कधी अर्धा मिनिटही. विकेट पडल्याची सूचना टॅबवर आधी वाजते, शेजारच्या फ्लॅटमधून ओरडा आधी येतो आणि तुमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून रन-अपला वळत असतो. सगळी मजा जाते. सासऱ्यांना मराठी समालोचन हवं असेल, तर टॅबवर समालोचन आणि टीव्हीवर डिशचं चित्र असा उद्योग करू नका, याच कारणाने ते जुळणार नाही. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमाने मराठी समालोचन दिलं होतं. मॅच दाखवणाऱ्या ॲपवर मराठी असेल तेव्हा तेच ॲप टीव्हीवर उघडून त्यातून भाषा निवडायची. ‘कौन बनेगा करोडपती’ने २०१७ मध्ये घरबसल्या फोनवर उत्तरं देण्याचा खेळ सुरू केला, तसल्या कार्यक्रमातही टॅब सगळ्यांच्या मध्ये ठेवून खेळण्यात आनंद आहे. तिथे दोन्ही पडद्यांवर एकच गोष्ट चाललेली असते.

तुमच्या यजमानांच्या हौसेबद्दल मला आदर आहे, तिला चांगलं काम द्या. रिसीव्हर बसवल्यावर स्पीकर जुळवले गेलेत का, हे त्यांना विचारा. बहुतेक घरांत ते राहूनच जातं. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक मिळतो, तो बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवून आपोआप जुळवणी होते. डेनॉन आणि मरान्ट्झच्या बऱ्याच रिसीव्हरसाठी ऑडिसी या कंपनीचं जुळवणीचं विकतचं ॲप आहे. त्यात प्रत्येक स्पीकरचा आलेख टॅबवर दिसतो आणि बोटाने बदलता येतो. मोठा पडदा तिथे खरंच कामाला येतो. बाकी कंपन्यांचं नसलं तरी रिसीव्हरच्या चाचणीच्या आवाजावर आवाज मोजणारं फुकट ॲप लावून पाचही स्पीकर एकाच पातळीला आहेत का, हे बघता येतं. ७५ डेसिबल ही त्यासाठीची नेहमीची पातळी. टॅबचा माइक अचूक नसतो, पण स्पीकर एकमेकांशी ताडून बघायला पुरतो. रविवारची एक सकाळ त्यात आनंदात जाते आणि फरक घरातल्या सगळ्यांना ऐकू येतो. सबवूफरची पातळी त्याच वेळी खाली आणली तर खालच्या मजल्यावरचे दुवा देतील.

टॅब चोवीस तास चार्जरला लावून टीव्हीजवळ ठेवायचा विचार असेल तर तो नको. बॅटरी फुगू शकते आणि ते धोक्याचं आहे. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याचं सेटिंग टॅबमध्ये असेल तर ते लावा, नाहीतर रात्री काढून ठेवा.

सुरुवात केबलपासून करा, बाकीचं सवडीने होईल. हात लावण्याआधी टीव्ही आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूचे फोटो टॅबवर काढून ठेवा, म्हणजे काही चुकलं तर पूर्ववत करता येईल. दोन्ही यंत्रं भिंतीवरच्या स्विचने बंद करूनच केबल हलवा. आणि जमलं की नाही हे यजमान घरात नसताना, टॅब त्यांच्याबरोबर गेलेला असताना तपासा. त्या संध्याकाळी सासूबाईंनी एकटीने मालिका लावून बघावी. अडलं तर नेमकं कुठे, टीव्हीवर काय लिहून आलं, ते टिपून मला कळवा. सोबत टीव्ही, रिसीव्हर आणि सेट टॉप बॉक्सचे मॉडेल नंबर पाठवा. पत्रात ते राहिले होते.